गोदामातील हिशेब दुकानात: सुरुवातीलाच जोडावा की लागेल तेव्हा?

श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन, मुरुड, रोहा या आपल्या पट्ट्यातील दुकानांत संगणक आता नवा राहिलेला नाही. पूर्वी गल्ल्यावर एकच यंत्र असे आणि सारा हिशेब त्याच्याच पोटात. आता गल्ल्यावर एक, आतल्या खोलीत दिवाणजींपुढे एक, गोदामात एक आणि घरी आखातातून आलेल्या भावाने आणलेला लॅपटॉप, असा पसारा झाला आहे. मग रोजकीर्द-खतावणी, मालाची यादी, नक्षीचे नमुने हे सारे एकाच यंत्रावर ठेवायचे आणि बाकीच्यांनी तिथून वाचायचे, ही रीत ओघानेच येते. ती उत्तमही आहे. प्रश्न पुढचा आहे. त्या मध्यवर्ती यंत्रावरील कपाट बाकीच्या यंत्रांना जोडायचे केव्हा? यंत्र सुरू होतानाच, की कोणी ते कपाट उघडायला जाईल तेव्हा? प्रश्न दिसतो किरकोळ, पण आपल्या किनाऱ्यावर याच्या उत्तरावर कधी कधी आठवड्याचा हिशेब अवलंबून असतो. म्हणून या वेळी त्याचाच विचार करू.

आधी शब्द समजून घेऊ. दुसऱ्या यंत्रावरचे फोल्डर आपल्या यंत्रात आपलेच असल्यासारखे बसवणे याला माउंट करणे म्हणतात. आम्ही इथे त्याला जोडणे म्हणू. लिनक्समध्ये एक रिकामे फोल्डर ठेवतात आणि दूरचे कपाट त्या जागी जोडतात. विंडोजमध्ये त्याला एखादे अक्षर देतात, जसे झेड ड्राइव्ह. जोडण्याच्या दोन जुन्या भाषा आहेत. एक एनएफएस, जी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ च्या सुमारास तयार केली. दुसरी एसएमबी, जी आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये आरंभ केलेल्या सांबा या मोफत प्रणालीमुळे लिनक्सचे यंत्रही विंडोजशी ही दुसरी भाषा बोलू लागले. बाजारात मिळणाऱ्या फाइल ठेवण्याच्या छोट्या पेट्यांत, ज्यांना नॅस म्हणतात, बहुधा आतून लिनक्स आणि सांबाच असते.

लिनक्सचे नाव काढण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ ज्यावर चालत नाही अशी धडधाकट जुनी यंत्रे पुष्कळ दुकानांत आहेत. ती भंगारात देण्याऐवजी त्यांवर लिनक्स घालून गोदामात किंवा नमुन्यांच्या कामाला लावणे शहाणपणाचे आहे. त्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः लिनक्सचे आहे. विंडोजवाल्यांसाठी मध्ये वेगळा मजकूर आहे.

आता दोन रीती. आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट वेळ झाली की सुटते, उतारू दोन असोत की वीस. राजपुरीच्या धक्क्यावरची होडी मात्र जंजिऱ्याला जाणारे उतारू आले की सुटते, नाही तर नांगरून पडून असते. सुरुवातीलाच जोडणे म्हणजे पहिली रीत: यंत्र सुरू झाले की कोणी मागो न मागो, दूरचे कपाट जोडलेच पाहिजे. लागेल तेव्हा जोडणे म्हणजे दुसरी: जागेवर फक्त एक पहारेकरी बसवायचा. कोणी त्या फोल्डरमध्ये पाऊल टाकले की तो क्षणभर त्याला थांबवतो, दूरच्या यंत्राला हाक मारतो, कपाट जोडतो आणि आत सोडतो. बराच वेळ कोणी फिरकले नाही तर कपाट पुन्हा सोडवून ठेवतो. ही दुसरी रीतही नवी नाही. सनने १९८० च्या दशकातच ती आणली, लिनक्समध्ये ऑटोएफएस या नावाने ती १९९० च्या दशकात आली, आणि २०१० पासून पुढे पसरलेल्या सिस्टिमडी या व्यवस्थेत ती अंगभूतच आहे.

पुस्तकात वाचले तर दोन्ही रीती सारख्याच चांगल्या वाटतात. शहरातल्या कार्यालयात, जिथे मध्यवर्ती यंत्र वर्षातून एकदा बंद होते, तिथे फरक पडत नाही म्हटले तरी चालेल. फरक पडतो तो लाईट जाते-येते तिथे. आणि आपल्याकडे ती जाते हे सांगायला नको. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ वाचकांच्या डोळ्यांपुढे असेलच. दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर आदळले, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या तालुक्यांतील सुपारी-नारळाच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, आणि कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. मोबाइलही बंद होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. ही मोठी संकटे झाली. पण संगणकाच्या दृष्टीने खरा त्रास मोठ्या वादळाचा नसतो. वादळात यंत्र बंदच असते आणि बंद यंत्राला काही होत नाही. त्रास असतो तो पावसाळ्यातल्या रोजच्या दहा मिनिटांच्या जाण्या-येण्याचा, आणि त्यातही लाईट जाण्याचा नव्हे, येण्याचा.

लाईट आली की काय होते ते पाहा. दुकानातील सर्व यंत्रे एकाच क्षणी जागी होतात. गल्ल्यावरचे यंत्र, त्यात नव्या प्रकारची डिस्क असेल तर, अर्ध्या मिनिटात तयार होते. इंटरनेटचा राउटर दोन-तीन मिनिटे दिवे लुकलुकवत बसतो. हिशेबाचे मध्यवर्ती यंत्र किंवा नॅसची पेटी, जी अचानक बंद पडलेली असते, ती आपली डिस्क तपासत पाच-पाच मिनिटे घेते. म्हणजे मागणारा दारात उभा आणि देणारा अजून झोपेत. सुरुवातीलाच जोडण्याची रीत इथे अडते, कारण ती एकदाच प्रयत्न करते, आणि तोही नेमक्या चुकीच्या वेळी.

लिनक्समध्ये कोणते कपाट कुठे जोडायचे याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलीत असते. त्यात साधी ओळ लिहिली की यंत्र सुरू होताना ते जोडण्याचा प्रयत्न करते. दूरचे यंत्र सापडले नाही तर साधारण दीड-दोन मिनिटे वाट पाहते, आणि तोवर प्रवेशाचा पडदा येत नाही. गिऱ्हाईक समोर उभे, बिल निघत नाही. दुकानातला पोरगा काय करतो? बटण दाबून यंत्र बंद करतो आणि पुन्हा सुरू करतो, म्हणजे वाट पाहणे पुन्हा पहिल्यापासून. ओळीत काही चूक असेल आणि यंत्राने ते कपाट दूरचे आहे हे ओळखलेच नाही, तर ते संकटकालीन अवस्थेत जाऊन काळ्या पडद्यावर पासवर्ड मागत बसते. मग शहरातून माणूस येईपर्यंत यंत्र मुके. हे टाळण्यासाठी यादीच्या ओळीत दोन शब्द घालतात: हे कपाट जाळ्यावरचे आहे असे सांगणारा ‘_नेटडेव्ह’, आणि जोडता आले नाही तरी पुढे चला असे सांगणारा ‘नोफेल’. (हे शब्द यंत्रात रोमन लिपीतच टंकायचे असतात. इथे फक्त उच्चार देत आहोत.)

एनएफएसमध्ये आणखी एक जुनी सोय आहे, ‘बीजी’. पहिला प्रयत्न फसला तर यंत्र पडद्याआड प्रयत्न करत राहते, ते १०,००० मिनिटांपर्यंत, म्हणजे आठवड्याला ८० मिनिटे कमी. ज्याने हा आकडा ठरवला त्याने कोकणातला पावसाळा पाहिला असावा असे आम्हाला नेहमी वाटते.

परंतु ‘नोफेल’ लिहून निश्चिंत झालेल्या दुकानदाराला एका मोठ्या धोक्याची जाणीव करून दिली पाहिजे. हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

जोडण्याची जागा म्हणजे आपल्याच यंत्रावरचे एक रिकामे फोल्डर, हे वर आलेच आहे. दूरचे कपाट जोडले गेले नाही तरी ते रिकामे फोल्डर तिथेच असते. नाव तेच, जागा तीच. समजा, म्हसळ्यातील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या दुकानात सोमवारी सकाळी लाईट आली, गल्ल्यावरचे यंत्र आधी उठले, मध्यवर्ती यंत्र सापडले नाही, ‘नोफेल’ असल्यामुळे ते पुढे गेले. आता बिलाची फाइल साठवायला ‘हिशेब’ या फोल्डरमध्ये गेलो तर फोल्डर आहे, पण रिकामे. जाणता माणूस तिथेच थांबेल. पण रात्री आपोआप नक्कल काढणारी प्रणाली थांबणार नाही. ती बिनतक्रार त्या रिकाम्या फोल्डरमध्ये नक्कल ठेवील आणि काम झाले म्हणून सांगेल. मंगळवारी, बुधवारी तेच. नकला निघत आहेत, पण निघत आहेत त्याच डिस्कवर जिच्यासाठी त्या काढायच्या होत्या. पुढे केव्हातरी यंत्र पुन्हा सुरू झाले आणि या वेळी कपाट नीट जोडले गेले, की त्या तीन दिवसांच्या फाइली जोडलेल्या कपाटाखाली झाकल्या जातात. डिस्कवर त्या असतात, जागाही खातात, पण कोणाला दिसत नाहीत. व्यापारी म्हणतो तीन दिवसांची उधारी कुठे गेली. गिऱ्हाईकाकडे पावती आहे, आपल्याकडे नोंद नाही. अशा वेळी वाद होतो तो संगणकाशी नव्हे, माणसांशी होतो, आणि वर्षानुवर्षांच्या व्यवहारात शंका शिरते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो दोन्ही रीतींत करावा असे आमचे स्पष्ट मत आहे. कपाट सुटलेले असताना त्या रिकाम्या फोल्डरला मोहोर लावावी, म्हणजे त्यात कोणालाच, अगदी यंत्राच्या मुख्य वापरकर्त्यालाही, काही लिहिता येऊ नये. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्करचनेत हे ‘चॅटर’ या आज्ञेने होते, अधिक चिन्ह आणि आय हे अक्षर देऊन. मोहोर लावलेल्या जागी कपाट जोडायला अडचण येत नाही, आणि जोडल्यावर लिहिण्यालाही अडचण येत नाही. कपाट नसेल तेव्हाच लिहिणारा अडतो, आणि अडला की तो ओरडतो. आपल्याला तेच हवे आहे. नक्कल काढणाऱ्या प्रणालीलाही आधी ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने जागा खरोखर जोडलेली आहे का हे विचारायला लावावे. संगणक बसवून देणाऱ्या कारागिराला या दोन गोष्टी नाव घेऊन सांगाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे.

आता लागेल तेव्हाची रीत या प्रसंगी कशी वागते? यंत्र सुरू होताना ती काहीच जोडत नाही, फक्त पहारेकरी बसवते, आणि त्याला जाळे तयार असण्याची गरज नसते. प्रवेशाचा पडदा लगेच येतो. पोरगा गिऱ्हाईकाशी बोलतो, दिवे लावतो, तोवर राउटर उठलेला असतो. पहिल्यांदा ‘हिशेब’ उघडले की दोन-चार क्षण थांबून कपाट जुळते. मध्यवर्ती यंत्र अजून उठलेले नसेल तर प्रयत्न फसतो आणि यंत्र तसे स्पष्ट सांगते. रिकामे फोल्डर दाखवून फसवत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा उघडावे, जुळते. म्हणजे प्रयत्न एकदाच नव्हे, दर मागणीला नव्याने होतो. लाईट जाण्या-येण्याच्या प्रदेशात ही रीत मुळातच अधिक सोशिक आहे. फक्त सिस्टिमडीत लागोपाठ बरेच प्रयत्न फसले तर पहारेकरी स्वतःच उठून जाऊ शकतो, आणि मग मागे तेच उघडे रिकामे फोल्डर उरते. म्हणून मोहोर इथेही हवीच.

संध्याकाळचाही एक फायदा आहे. दुकान बंद करताना बहुतेक ठिकाणी आधी राउटरचे बटण बंद होते आणि मग संगणकाचे. कपाट जोडलेले असताना जाळे गेले की लिनक्स यंत्र बंद होताना ते सोडवायच्या खटपटीत अडून बसते. लागेल तेव्हाच्या रीतीत, वापर थांबून ठरलेली वेळ गेली असेल, तर कपाट आधीच सुटलेले असते. जुम्याला दुपारी दुकान तासभर बंद असते, यंत्र मात्र चालूच राहते. त्या तासात कपाट आपोआप सुटते आणि मधे लाईट गेली तरी अर्धवट जोडलेले काही राहत नाही. मात्र ही वेळ लिहून द्यावी लागते. ऑटोएफएसबरोबर येणाऱ्या मांडणीत ती बहुधा पाच मिनिटे असते. सिस्टिमडीत लिहिली नाही तर एकदा जोडलेले कपाट आपणहून सुटतच नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. पहिला, दिसण्याचा. ऑटोएफएसच्या एका प्रकारात कपाटाचे नाव कोणी हाक मारेपर्यंत यादीत दिसतच नाही. दिवाणजी फोल्डर उघडतात, आत काही नाही, आणि हिशेब पुसला गेला म्हणून घाबरून फोन करतात. नाव टंकले की ते प्रकट होते. सवय नसलेल्या माणसासाठी हे बरे नव्हे. सिस्टिमडीच्या पद्धतीत नाव दिसत राहते, फक्त आतला माल आत शिरल्यावर येतो. दुकानासाठी आम्ही हीच सुचवू.

दुसरा दोष, कोण हाक मारतो हे पहारेकऱ्याला कळत नाही. माणूस गेला काय, विषाणू तपासणारी प्रणाली गेली काय किंवा फाइलींची सूची करणारी प्रणाली गेली काय, तो सर्वांसाठी दार उघडतो. अशा प्रणाली दर काही मिनिटांनी डोकावत असतील तर कपाट कधी सुटतच नाही आणि साऱ्या फायद्यावर पाणी पडते. त्यांना ती जागा वगळायला सांगावे.

तिसरा दोष खरे तर दोष नाही, अपेक्षेची गफलत आहे. कपाट जुळल्यावर, काम चालू असताना मध्यवर्ती यंत्र बंद पडले तर दोन्ही रीती सारख्याच अडतात. एनएफएस अशा वेळी देणारा परत येईपर्यंत वाट पाहत बसतो आणि पडदा गोठतो. त्याला ‘सॉफ्ट’ हा पर्याय देऊन लवकर हार मानायला लावता येते, पण मग अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते. हिशेबाच्या कपाटाला तो पर्याय देऊ नये. गोठलेला पडदा परवडतो, बिघडलेली खतावणी परवडत नाही. यावर खरा इलाज रीत बदलण्याचा नाही, मध्यवर्ती यंत्र आणि राउटर या दोघांना इन्व्हर्टरवर घेण्याचा आहे. पुष्कळ जण यंत्राला बॅटरी देतात आणि राउटरला विसरतात. मग यंत्र जागे असते पण त्याच्यापर्यंत वाट नसते.

विंडोजवाल्यांचे काय? तिथे झेड ड्राइव्ह जोडताना प्रवेशाच्या वेळी पुन्हा जोडा अशी खूण असते, आणि ती केलेली असते. त्यामुळे ती सुरुवातीलाच जोडण्याची रीत वाटते. प्रत्यक्षात ती दोन्हींची खिचडी आहे. प्रवेशाच्या वेळी दूरचे यंत्र नसेल तर सर्व ड्राइव्ह जोडता आले नाहीत असा निरोप येतो आणि ड्राइव्हवर लाल फुली दिसते. पण नंतर त्यावर टिचकी मारली की विंडोज पुन्हा प्रयत्न करते आणि बहुधा जुळते. उलट बाजूनेही, विंडोजचे देणारे यंत्र १५ मिनिटे वापर नसेल तर संबंध सोडते आणि मागणी आली की पुन्हा जोडते. अडचण एवढीच की टिचकी माणूस मारतो. हिशेबाची प्रणाली स्वतःहून झेड ड्राइव्हवर गेली तर काही वेळा लाल फुलीला धडकून माहिती सापडत नाही म्हणते. म्हणून टॅलीसारख्या प्रणालीची माहिती दूरच्या यंत्रावर असेल तर लाईट आल्यावर आधी झेड ड्राइव्ह हाताने उघडून पाहावा, फाइली दिसल्या की मगच प्रणाली सुरू करावी, ही सवय दुकानातल्या प्रत्येकाला लावावी. प्रणालीने नवीन कंपनी तयार करू का असे विचारले तर कदापि हो म्हणू नये. तिथूनच दोन खतावण्यांचा घोळ सुरू होतो.

आणखी एका गैरसमजाविषयी सांगणे जरूर आहे. लागेल तेव्हा जोडले म्हणजे बाकी वेळ कपाट बंद, म्हणून ते व्हायरसपासून सुरक्षित, असे काही कारागीर सांगतात. ते खरे नाही. माहिती ओलीस धरणारी प्रणाली यंत्रात शिरली तर ती फोल्डरामागून फोल्डर चाळत जाते, आणि पहारेकरी तिलाही दार उघडतो. एका यंत्रावरून दुसऱ्यावर हे लोण किती वेगाने जाते ते आपल्या रायगड जिल्ह्यानेच पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या हल्ल्यात जगभरच्या मर्स्क कंपनीची यंत्रे बंद पडली, आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंटेनर अडकून पडले. तो हल्ला फाइली वाटून घेण्याच्या एसएमबी या वाटेतील जुन्या दोषाचा आणि यंत्रांत सापडलेल्या पासवर्डांचा फायदा घेऊन आतल्या आत पसरला होता. जगातील मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या पेढीचे काय? जोडण्याची रीत म्हणजे कुलूप नव्हे. कुलूप म्हणजे अद्ययावत प्रणाली, प्रत्येकाला लागेल तेवढाच अधिकार, आणि एक नक्कल अशी जी कुठल्याच यंत्राला जोडलेली नाही, कपाटात ठेवलेल्या डिस्कवर आहे.

आता निवड कशी करावी. आमच्या मते प्रश्न एकच विचारावा: ते कपाट नसेल तर या यंत्राला काही काम उरते का?

बोर्ली पंचतनमधील एखाद्या हार्डवेअर दुकानाचे गल्ल्यावरचे यंत्र घ्या. बिलाची प्रणालीच मध्यवर्ती यंत्रावर असेल, दिवसभर ती उघडी राहणार असेल, दोन्ही यंत्रे एका खोलीत एका वायरने जोडलेली आणि एकाच इन्व्हर्टरवर असतील, तर सुरुवातीलाच जोडावे. इथे पहारेकरी ठेवून लाभ नाही. सकाळी नऊला उघडलेली फाइल रात्री नऊला बंद होणार, मधे कपाट सुटायचेच नाही. शिवाय कपाट जुळले नाही हे सकाळीच, गिऱ्हाईक यायच्या आत कळलेले बरे. ओळीत ‘_नेटडेव्ह’ आणि ‘नोफेल’ असावेत, फोल्डरला मोहोर असावी, झाले.

याउलट लाकडावर नक्षी कोरणारे, फ्लेक्स छापणारे, शिवणकामाचे नमुने राखणारे आपले कारागीर बंधू. त्यांच्या फाइली मोठ्या, पण दिवसातून दोन-चार वेळाच लागतात. यंत्राला बाकी काम भरपूर असते. त्यांनी लागेल तेव्हाची रीत घ्यावी. लॅपटॉपवर तर दुसरी रीत विचारातच घेऊ नये. लॅपटॉप आज दुकानात, उद्या पनवेलला, परवा मुंबईत. शिवाय त्याचे वाय-फाय पुष्कळदा प्रवेश केल्यानंतरच जुळते, म्हणजे यंत्र सुरू होताना जाळे नसतेच. नकलांचे कपाटही लागेल तेव्हाच जोडावे: रात्री नक्कल निघण्यापुरते जुळावे आणि सुटावे.

गोदाम दुसऱ्या गावात, किंवा मुंबईत मस्जिद बंदरला शाखा, आणि मध्ये फक्त इंटरनेट, अशी स्थिती असेल तर लागेल तेव्हा हेच उत्तर. तेही उघड्या इंटरनेटवरून कधीच नाही. राउटरमध्ये एसएमबीची वाट बाहेरच्यांसाठी खुली करणे म्हणजे गल्ला रस्त्यावर मांडणे. वायरगार्डसारखा बंदिस्त बोगदा आधी तयार करावा आणि त्यातून जोडावे. खरे तर एवढ्या अंतरावर चालू हिशेबाची प्रणाली दूरच्या कपाटावरून चालवूच नये. ओळीचा वेग थोडा घसरला तरी फाइल बिघडण्याचा संभव असतो. यादी पाहायला, बिलाची प्रत काढायला अशी जोडणी ठीक आहे. हिशेब तिथला तिथे लिहावा, किंवा दूरच्या यंत्राचा पडदाच इथून पाहण्याची सोय करावी.

सिस्टिमडीच्या रीतीने काम करून घ्यायचे तर कारागिराला एवढेच सांगावे. एफएसटॅबच्या ओळीत पर्यायांच्या रकान्यात ‘नोऑटो’ आणि ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ हे शब्द घालावेत. ‘एक्स-सिस्टिमडी.आयडल-टाइमआउट’ला दहा मिनिटे द्यावीत. ‘एक्स-सिस्टिमडी.माउंट-टाइमआउट’ला तीस सेकंद द्यावेत, म्हणजे देणारे यंत्र बंद असेल तर फोल्डर उघडणारा फार वेळ ताटकळत नाही. पासवर्ड या ओळीत लिहू नये. तो वेगळ्या फाइलीत ठेवून ती फाइल फक्त मुख्य वापरकर्त्यालाच वाचता येईल अशी करावी.

काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी कसोटी घ्यावी, आणि ती कारागिराच्या समोर घ्यावी. मध्यवर्ती यंत्र बंद करून गल्ल्यावरचे यंत्र सुरू करावे. प्रवेशाचा पडदा किती वेळात येतो ते घड्याळ लावून पाहावे. मग ‘हिशेब’ फोल्डरमध्ये एक कोरी फाइल साठवण्याचा प्रयत्न करावा. ती साठवली गेली तर मोहोर लागलेली नाही, काम अपुरे आहे. नंतर मध्यवर्ती यंत्र सुरू करून, गल्ल्यावरच्या यंत्राला हात न लावता, तेच फोल्डर पुन्हा उघडावे. फाइली दिसल्या पाहिजेत. शेवटी मीटरजवळचा मुख्य खटका पाडून दोन मिनिटांनी पुन्हा वर करावा आणि दुकान आपोआप पूर्ववत होते का ते पाहावे. ही कसोटी मे महिन्यात घ्यावी, पाऊस लागायच्या आधी.